अन्नाचें जाळें

वाचनाचे भाग : उत्पत्ति १:२९-३०, स्तोत्र १०४, ईयोब ३८:३९ ते ३९:३०, १ करिंथ १२:१४-२६.



एकशें चौथें स्तोत्र आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदां वाचलें जातें. परंतु तें स्तुतीचें गीत आहे एवढेंच ध्यानांत घेऊन आपण बहुधा पुढें जातों. या आठवड्यांत तें शेतकऱ्याच्या दृष्टीनें वाचावें, अशी आमची विनंती आहे. त्यांत झरे वाहतात ते रानांतील जनावरांची तहान भागविण्यासाठीं, गवत उगवतें तें गुरांसाठीं, उंच झाडें आहेत तीं पक्ष्यांच्या घरट्यांसाठीं. रात्र झाली म्हणजे सिंहाचे छावे देवाजवळ आपलें भक्ष्य मागतात, आणि सूर्य उगवला म्हणजे मनुष्य आपल्या कामास बाहेर पडतो. मनुष्याचें नांव त्या यादींत आहे खरें, पण तें एकट्याचें नाहीं. देवाच्या घरीं मोठी पंगत बसली आहे, आणि तींत आपल्या दोहों बाजूंस दुसरे जेवणारे बसले आहेत.

ही पंगत कशी चालते, कोणाचें अन्न कोणापासून येतें, आणि एकास उठवून लावलें तर दुसऱ्याच्या पानावर काय परिणाम होतो, याचा विचार या पाठांत करावयाचा आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या खेड्यांस हा विषय दूरचा नाहीं. ज्याच्या शेतांत तूर आहे, गोठ्यांत गाय आहे आणि कणगींत ज्वारी आहे, तो या पंगतींत रोज बसतो.

१. आरंभ हिरव्या पानापासून

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत देवानें मनुष्यास व पशुपक्ष्यांस अन्न नेमून दिलें, तेव्हां त्यानें वनस्पतीचें नांव घेतलें. सृष्टीचा अभ्यास करणारे विद्वानही येथूनच आरंभ करतात. सूर्याचा प्रकाश, हवेंतील कर्बवायु व मुळांनीं ओढलेलें पाणी यांपासून अन्न तयार करण्याची शक्ति हिरव्या पानांत आहे. ती वाघांत नाहीं, बैलांत नाहीं, मनुष्यांतही नाहीं. भाकर खाणारा पानाचें दिलेलें खातो, आणि मांस खाणाराही, एका हातावरून दुसऱ्या हातावर आलेलें, पानाचेंच दिलेलें खातो.

टोळ गवत खातो, टोळास बेडूक खातो, बेडकास धामण गिळते आणि धामणीस एखादा शिकारी पक्षी उचलतो. यास अन्नसाखळी म्हणतात. परंतु शेताच्या बांधावर घटकाभर बसून पाहिलें तर टोळ हा एकट्या बेडकाचा घास नव्हे, असें दिसून येईल. बगळा, कोतवाल व सरडा हेही त्यावर टपलेले असतात. धामणही केवळ बेडकांवर राहत नाहीं. उंदीर हें तिचें मोठें अन्न. अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून जें तयार होतें, त्यास अन्नाचें जाळें म्हणावें. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हा विचार व्यवस्थितपणें मांडला. मासे धरणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं जाळ्याचा एक धागा तुटला तर लगेच कांहीं बिघडत नाहीं. पण धागे एकामागून एक तुटत गेले म्हणजे एके दिवशीं जाळें रिकामें वर येतें.

या पंगतीचा हिशेबही मनन करण्यासारखा आहे. दशांश हा शब्द मंडळींस चांगला परिचित आहे. १९४२ सालीं रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन अभ्यासकाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. एका तळ्यांतील जीवांचा अभ्यास करून त्यानें दाखविलें कीं, खालच्या पायरीवर सांठलेल्या अन्नशक्तीचा थोडाच अंश वरच्या पायरीस पोंचतो. हा अंश ढोबळ मानानें एक दशांश धरण्याची रीत पुढें पडली. तो सर्वत्र तंतोतंत तेवढाच असतो असें नव्हे. उरलेला भाग चालण्याफिरण्यांत, श्वासोच्छ्वासांत व अंगाची ऊब राखण्यांत खर्ची पडतो, किंवा न खाल्लेला व न पचलेला राहतो. म्हणूनच रानांत गवत अपार, हरणें पुष्कळ आणि वाघ मोजकेच. एक वाघ वर्षास हरणाएवढीं सुमारें ५० जनावरें मारतो. तेवढीं दरवर्षीं जाऊनही कळप घटूं नयेत, यासाठीं त्या रानांत अशीं सुमारें ५०० जनावरें असावीं लागतात. त्या ५०० जनावरांस चारा व पाणी किती लागेल, हें गुरें राखणाऱ्यांस सांगावयास नको. तेव्हां कुरण नाहींसें झालें म्हणजे वाघ बंदुकीवांचूनच मरतो.

आणि जें मरतें त्याचें काय? गळलेलें पान, वठलेलें खोड व मेलेला प्राणी यांस बुरशी, वाळवी, गांडुळें व डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव खाऊन त्यांची माती करतात, आणि त्या मातींतून नवें पान उगवतें. स्तोत्रकर्ता म्हणतो कीं प्राणी आपल्या मातीस परत मिळतात आणि देव पृथ्वीचा चेहरा नवा करतो. हें नवें करणें आपल्या पायांखालीं रोज चाललें आहे.

२. घाटावरचें रान आणि आपला उंबर

हें जाळें अत्यंत दाट विणलेलें पाहावयाचें असेल तर बारमाही हिरव्या रानांत जावें लागतें. आमेरिकेंतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यांत व आफ्रिकेंतील कांगो नदीच्या खोऱ्यांत अशीं अफाट रानें आहेत. आपल्या महाराष्ट्रांत त्यांचे भाऊबंद सह्याद्रीवर आंबोली, राधानगरी, चांदोली व कोयना या बाजूस आढळतात. लातूरकडे वर्षास सुमारें ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीस तो ७,००० मिलिमीटरांच्या आसपास जातो. तेथें झाडांचीं पानें एकदम गळत नाहींत आणि रान कधीं उघडें पडत नाहीं. ओल व ऊब यांमुळें गळालेलें पान लवकर कुजतें, आणि त्यांतील सत्त्व झाडांचीं मुळें लागलीच ओढून घेतात. अशा रानांची संपत्ति जमिनींत फारशी सांठलेली नसते. ती जिवंत झाडांत व प्राण्यांत फिरती असते. म्हणून असें रान तोडून केलेलें शेत पुष्कळ ठिकाणीं थोड्याच वर्षांत निकस होतें.

त्या रानांत पुष्कळांच्या पंगतीचा यजमान कोण, तर उंबराच्या कुळांतील झाडें. इतर झाडांचीं फळें आपापल्या हंगामांत येतात व संपतात. पण वड, पिंपळ व उंबर यांच्या कुळांतील झाडें निरनिराळ्या वेळीं फळतात, म्हणून दुसरें कांहीं नसतें तेव्हांही कोठें ना कोठें एखादें झाड फळांनीं लगडलेलें सांपडतें. धनेश पक्षी त्यावर जगतो. त्याची मादी अंडीं घालण्याच्या वेळीं झाडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते. नर फटींतून तिला व पिलांना फळें भरवितो, आणि त्या फळांच्या बिया दूरदूर टाकून रान पेरतो. वानरें, शेकरूं, हारीत पक्षी व वटवाघळें याच झाडावर पोट भरतात.

आतां या यजमानाचें जीवन कोणाच्या हातीं आहे तें पाहा. उंबर फोडून केंबरें काढूं नयेत, असें आपल्याकडे म्हणतात; दुसऱ्याचें झांकलेलें उणें उघडें करूं नये, असा त्याचा भाव. परंतु तीं केंबरें हें उंबराचें उणें नव्हे. तोच त्याच्या वंशाचा आधार आहे. ज्यास आपण उंबराचें फळ म्हणतों तें मूळचें बाहेरून मिटलेलें फुलांचें बोचकें असतें. एक चिमुकली माशी बारीक छिद्रांतून आंत शिरते, एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलांस पोंचविते आणि तेथेंच अंडीं घालते. या कुळांतील बहुतेक प्रत्येक जातीच्या झाडाची आपली अशी वेगळी माशी असते. ती नसेल तर बीं धरणार नाहीं, आणि बीं नाहीं तर पुढच्या पिढीचें झाड नाहीं. मोहरीहून लहान अशा जीवावर धनेशासारख्या थोर पक्ष्याचें ताट अवलंबून आहे.

जक्कय ज्या झाडावर चढून प्रभूस पाहूं लागला, त्यास आपल्या मराठी शास्त्रांत उंबर म्हटलें आहे, आणि आमोस संदेष्टाही त्याच झाडांची निगा राखणारा होता. पालेस्टाइनांतील तें झाड व आपला उंबर हे अगदीं एक नव्हेत, पण एकाच कुळांतील आहेत. म्हणजे आंबोलीच्या रानाचा यजमान, यरीहोच्या वाटेवरचें झाड आणि आपल्या विहिरीवरचा उंबर हे परस्परांचे आप्त होत. विहिरीवरील उंबर सरपणासाठीं तोडावयास निघालेल्या मनुष्यानें एवढें तरी मनांत आणावें.

३. किनवट व माहूरचें रान

आपल्या जिल्ह्यांत आंबोलीसारखें रान नाहीं. लातूर जिल्ह्यांत तर रान नांवालाच उरलें आहे; चाकूर तालुक्यांत वडवळ नागनाथ येथील टेकडीसारखीं, औषधी वनस्पतींसाठीं नांवाजलेलीं ठिकाणें थोडीं. परंतु नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, पैनगंगेच्या कांठीं, किनवट व माहूर या तालुक्यांत सागाचें पानगळीचें रान अजून उभें आहे. येथें पाऊस मुख्यतः चार महिने. उरलेले महिने काटकसरीचे. उन्हाळ्यांत झाडें पानें टाकून पाणी वांचवितात. म्हणून येथील पंगतीचें वेळापत्रक घाटावरच्याहून निराळें आहे, पण नियम तोच.

पावसाळ्यांत सागाचीं पानें अळ्या अशा कुरतडतात कीं तीं जाळीसारखीं दिसूं लागतात. पाहणाऱ्यास वाटतें, झाड गेलें; परंतु त्याच अळ्यांवर अनेक पक्ष्यांचीं पिलें वाढतात. फाल्गुनाच्या शेवटास व चैत्रांत, जेव्हां गवत वाळून गेलेलें असतें, तेव्हां मोहाचीं फुलें पहांटे टपटप गळूं लागतात. रात्रीं वटवाघळें त्यांवर येतात, आणि सकाळीं चितळें, वानरें व अस्वलें. गोंड, कोलाम व आंध या समाजांतील स्त्रिया टोपल्या घेऊन त्याच झाडांखालीं येतात, कारण तें त्यांच्याही घरचें अन्न आहे. अस्वल टेंभुर्णीचीं गोड फळें खाऊन त्यांच्या बिया रानभर पसरवितें, आणि वारूळ उकरून वाळवी खातें. वाळवीनें मेलेलें लांकूड खाल्लें नसतें तर रान आपल्याच कचऱ्याखालीं दडपून गेलें असतें.

असें रान तुकड्यातुकड्यांनीं राहिलें तर त्यांतील मोठ्या प्राण्यांचें काय होतें, हें २०१९ सालीं दिसून आलें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत एका तरुण वाघाच्या गळ्यांत त्याचा माग काढणारा पट्टा बांधला होता. त्या वर्षाच्या पावसाळ्यांत तो निघाला, आणि तेलंगणाचा कांहीं भाग व आपल्या मराठवाड्यांतील मुलूख तुडवीत वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. त्याची चाल १,३०० किलोमीटरांहून अधिक भरली. शेतांच्या कडेनें, ओढ्यांच्या पात्रांतून व रस्ते ओलांडून तो आपली जागा शोधीत होता. रानाचे तुकडे जोडणारे ओढे, नाले व झाडीचे पट्टे आपल्याच शिवारांतून जातात. ते राखणें वा मोडणें पुष्कळ अंशीं गांवकऱ्यांच्या हातीं आहे.

४. गिधाडें कोठें गेलीं?

आतां ज्या गोष्टीसाठीं हा पाठ आम्ही मुख्यतः लिहीत आहों, ती सांगतों. ज्यांचें वय चाळिशीच्या पुढें आहे त्यांस आठवत असेल कीं पूर्वीं गांवाबाहेर जनावर टाकलें म्हणजे आकाशांतून गिधाडें उतरत, आणि थोड्या वेळांत हाडें तेवढीं शिल्लक राहत. आज लहान मुलांस गिधाड हें चित्रांतच दाखवावें लागतें. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें भारतांत १९९२ सालीं हजार होतीं असें धरलें, तर २००७ सालच्या मोजणीच्या हिशेबानें त्यांतून एकच उरलें.

हें कशानें झालें? प्रथम पुष्कळांस वाटलें कीं कांहीं साथ आली असावी. २००४ सालीं पाकिस्तानांतील मेलेल्या गिधाडांची तपासणी होऊन खरें कारण प्रसिद्ध झालें. डायक्लोफेनॅक नांवाचें वेदनाशामक औषध गुरांस दुखण्यावर व सुजेवर देण्यांत येत असे. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलें, तर तें औषध त्याच्या मांसांत राही. तें मांस खाल्लेल्या गिधाडाचें मूत्रपिंड निकामी होई आणि कांहीं दिवसांत तें मरे. एका मेलेल्या बैलावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. म्हणून अशीं थोडींशीं जनावरेंही पुष्कळ गिधाडांच्या नाशास पुरलीं. औषध देणाऱ्याच्या मनांत पांखरांविषयीं वैर नव्हतें. त्यास बैलाची कळ थांबवावयाची होती. जाळ्याचें वैशिष्ट्य हेंच कीं एका टोंकास सद्‌हेतूनें दिलेला हिसका दुसऱ्या टोंकास घात करूं शकतो.

भारत सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीं विकल्या जाणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जाऊं लागल्या, तेव्हां २०१५ सालीं त्या मोठ्या बाटल्यांसही मनाई झाली. त्याच जातीचा अपाय करणारीं केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक हीं औषधें २०२३ सालीं, आणि निमेसुलाइड डिसेंबर २०२४ मध्यें गुरांसाठीं बंद करण्यांत आलीं. मेलॉक्सिकॅम व टॉल्फेनॅमिक आम्ल हीं गिधाडांस बाधत नाहींत, असें परीक्षणांत ठरलें आहे. म्हणजे गुरांची कळ थांबविण्यास दुसरा मार्ग आहे.

गिधाडें गेल्यावर त्यांचें पान रिकामें राहिलें नाहीं. मेलेलीं गुरें उघड्यावर कुजूं लागलीं, पाण्यांत घाण मिसळूं लागली, आणि भटक्या कुत्र्यांची चंगळ झाली. एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणें १९९२ ते २००६ या काळांत गिधाडांच्या अभावीं देशांतील कुत्र्यांची संख्या ५५ लाखांनीं वाढली, आणि त्यांच्या चाव्यांमुळें ४७ हजारांहून अधिक माणसें पिसाळरोगानें अधिक दगावलीं. २०२४ सालीं एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गिधाडें नाहींशीं झाल्यामुळें २००० ते २००५ या काळांत भारतांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मृत्यु पावलीं, असा त्यांचा अंदाज आहे. ज्या पक्ष्याचें नांव आपण लोभी मनुष्यास शिवी म्हणून देतों, तो आपल्या लेकरांचा पहारेकरी होता.

येथें आम्हांस एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांच्या वाडवडिलांवर मेलेलीं गुरें ओढण्याचें काम गांवानें जन्मावरून लादलें होतें, आणि ज्यांनीं गांव स्वच्छ राखलें त्यांसच गांवानें अशुद्ध ठरविलें. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृतमांस सोडून देऊन मानानें जगण्याचा उपदेश केला. तो योग्यच होता. गिधाड तें काम आपल्या स्वभावानें करितें व त्यांतच त्याचें पोट आहे. मनुष्यावर तें जातीच्या जुलमानें लादणें हें पाप आहे. या दोहोंची गल्लत कोणी करूं नये. तथापि ज्यांनीं हा अपमान सोसला त्यांच्या लेकरांस एक सत्य इतरांपेक्षां लवकर कळावें, असें आम्हांस वाटतें: जो घाण दूर करितो तो हलका नव्हे. प्रेषित पौल शरीराविषयीं लिहितांना हेंच म्हणतो कीं जे अवयव कमी योग्यतेचे वाटतात तेच अत्यंत अगत्याचे असतात. देवाच्या पंगतींत पंक्तिभेद नाहीं, तो माणसांसाठींही नाहीं आणि पांखरांसाठींही नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत गिधाड व घुबड यांस न खाण्याच्या पक्ष्यांत गणलें आहे. पण त्यांचा नाश करा, अशी आज्ञा कोठेंही दिलेली नाहीं.

५. आपल्या शेतांतील जाळें

गिधाडांचें झालें तें घुबडांचें व सापांचें होऊं नये. घुबड ओरडलें म्हणजे घरांत कोणी मरणार, ही समजूत आपल्या कांहीं ख्रिस्ती घरांतूनही अद्याप गेलेली नाहीं. गव्हाणी घुबडाची जोडी पिलें वाढवीत असतां एका हंगामांत शेंकडों उंदीर मारते. उंदीर तुरीच्या शेंगा, ज्वारीचीं कणसें व कणगींतील दाणा खातो. मग अशुभ कोण? धामण बिनविषारी असून बिळांत शिरून उंदीर धरते. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार मात्र फार विषारी. २००० ते २०१९ या वर्षांत भारतांत सुमारें १२ लाख माणसें सर्पदंशानें मृत्यु पावलीं असा अंदाज आहे. तेव्हां सापाची भीति खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण उंदीर घरांत माजले कीं त्यांच्या मागें साप घरांत येतो. दाणागोटा झांकून ठेवणें, रात्रीं बत्ती घेऊन चालणें, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां तात्काळ दवाखान्यांत प्रतिविषासाठीं जाणें, हेंच खरें रक्षण होय.

तुरीवर व हरभऱ्यावर घाटेअळी पडते. कोतवाल, साळुंक्या व बगळे ती अळी वेंचून खातात; पण त्यांस बसावयास जागा पाहिजे. म्हणून एकरीं वीसेक पक्षीथांबे, म्हणजे आडवी काठी बांधलेल्या उंच काठ्या, शेतांत रोवाव्या असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. बियांत ज्वारीचे थोडे दाणे मिसळून पेरण्याची जुनी रीतही याच कामीं येते, कारण ज्वारीच्या ताटांवर पक्षी बसतात. करडईवरचा मावा ढालकिडे खातात. आपण पहिली अळी दिसतांच जहाल विष फवारलें, तर अळीबरोबर तिचे वैरीही मरतात. आणि अळी पुढें पुन्हां येते, परंतु तिचे वैरी तितक्या लवकर येत नाहींत. विष मनुष्यासही ओळखीत नाहीं. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें सुमारें वीस शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. मजुरी करणारे बंधु आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

६. दोन कठीण प्रश्न

पहिला प्रश्न शेतकऱ्याचा : रोही, हरणें व रानडुकरें रातोरात पीक फस्त करितात; त्यांस पंगतींत कसें बसवावें? हें दुःख खरें आहे, आणि ज्याचें शेत त्याच्याच डोळ्यांस पाणी येतें. परंतु लांडग्यांसारखे जे प्राणी या जनावरांची संख्या आटोक्यांत ठेवीत, ते आपल्या माळांवरून जवळजवळ हटविले गेले, आणि माळांचीं शेतें झालीं, हेंही दुःखाचें एक कारण आहे. पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारी भरपाईची तरतूद आहे. पंचनामा करवून घेऊन तिचा अर्ज वनखात्याकडे करावा, आणि ज्यांस लिहितां येतें त्यांनीं मंडळींतील इतरांचे अर्ज लिहून द्यावे. कुंपणांत विजेचा प्रवाह सोडणें किंवा मढ्यांत विष घालणें हें मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. त्या तारेस रात्रीं शेजाऱ्याचें लेकरूं चिकटतें, आणि तें विष खाऊन न मारावयाचे प्राणीही मरतात.

दुसरा प्रश्न विश्वासणाऱ्याचा : दयाळू देवाच्या सृष्टींत एक जीव दुसऱ्यास कां खातो? शास्त्र या प्रश्नास बगल देत नाहीं. ईयोबाशीं बोलतांना देव सिंहिणीच्या भक्ष्याची, कावळ्याच्या पिलांच्या भुकेची, आणि मेलेल्यांजवळ जमणाऱ्या पक्ष्याची गोष्ट उघडपणें काढतो. पौल रोमकरांस लिहितांना सर्व सृष्टि कण्हत असून मुक्तीची वाट पाहत आहे, असें म्हणतो. या दोन्ही गोष्टी आपण एकत्र धरून ठेवाव्या. तिचें कण्हणें वाढविण्याचा अधिकार मात्र आपणांस कोणीं दिलेला नाहीं.

७. आपलें कर्तव्य

अनुवादांत अशी आज्ञा आहे कीं घरटें सांपडलें तर पिलांबरोबर आईस धरूं नये. आणि वेढा घातलेल्या नगराभोंवतालचीं फळझाडें युद्धांतही तोडूं नयेत. निर्गमांत सातव्या वर्षीं जमीन पडीक ठेवण्यास सांगितलें आहे, कीं गरिबांनीं खावें व त्यांचें उरलेलें रानांतील पशूंनीं खावें. या आज्ञांचा आत्मा ओळखून प्रत्येक मंडळीनें पुढील गोष्टी हातीं घ्याव्या, असें आम्ही सुचवितों.

पहिली, गुरांच्या दुखण्यावर पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून औषध टोंचूं नये, आणि वर सांगितलेलीं बंदी असलेलीं औषधें कोणी देऊं लागल्यास स्पष्टपणें नाकारावीं. दुसरी, औषध दिलेलें जनावर मेलें तर तें खोल पुरावें, आणि हें काम कोणा एका जातीवर न टाकतां सर्वांनीं मिळून करावें. तिसरी, घुबड व धामण यांस मारूं नये, व शकुनाची भीति मुलांच्या मनांत घालूं नये. चवथी, येत्या हंगामांत शेतांत पक्षीथांबे लावावे, आणि फवारणी केवळ गरज पडल्यासच, तोंड व अंग झांकून, वाऱ्याकडे पाठ करून करावी. पांचवी, मंदिराच्या आवारांत किंवा विहिरीवर एक वड, पिंपळ वा उंबर लावून तो तीन उन्हाळे जगवावा. कोणी म्हणेल कीं हीं झाडें दुसऱ्या धर्माचीं आहेत. तर त्यांचें बी कोणीं निर्माण केलें हें त्यानें उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत पाहावें.

२०१६ सालच्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. देवाच्या घरांतील एक वस्तु संपली म्हणजे ती दुसऱ्या गांवाहून आणतां येते, असें त्या वेळीं दिसलें. परंतु नाहींशी झालेली जात कोणत्याही गाडीनें आणतां येत नाहीं. म्हणून जे जेवणारे अद्याप पंगतींत बसलेले आहेत, त्यांस उठवून लावणारा हात आपला नसावा.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. एकशें चौथ्या स्तोत्रांत कोणकोणत्या जीवांस अन्न वा आसरा मिळाल्याचें सांगितलें आहे? त्यांतील मनुष्याची जागा कोणती?

२. आपल्या शिवारांतील एखादी अन्नसाखळी हिरव्या पानापासून आरंभ करून सांगा. तींतील एक प्राणी काढून टाकल्यास कोणाचें नुकसान होईल?

३. गिधाडांच्या नाशाचें कारण काय होतें? औषध देणाऱ्याचा हेतु चांगला असतांही नाश कां झाला?

४. १ करिंथ १२ मधील शरीराचा दृष्टांत आपल्या गांवांतील स्वच्छतेचें काम करणाऱ्या माणसांस कसा लागू पडतो?

५. वर सुचविलेल्या पांच गोष्टींपैकीं कोणती आपली मंडळी या महिन्यांत करूं शकेल, आणि तिची जबाबदारी कोण घेईल?